बोजॅक हॉर्समन: कारण, कारणं आणि जबाबदारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठीत ‘कारण’ हा शब्द दोन उलट कामं करतो. ‘यामागचं कारण काय?’ असं विचारतो तेव्हा आपल्याला खरंच समजून घ्यायचं असतं. ‘कारणं सांगू नकोस’ म्हणतो तेव्हा समजून घेण्याचा दरवाजा आपण बंद केलेला असतो. ‘बोजॅक हॉर्समन’ ही मालिका या दोन वाक्यांच्या मधे उभी आहे, म्हणून ती संपल्यावरही तिच्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. इथे त्यांची उत्तरं द्यायचा प्रयत्न आहे. पुढे संपूर्ण कथानक उघड होतं, शेवटासकट. आत्महत्या, व्यसन आणि लैंगिक गैरवर्तनाचेही उल्लेख आहेत.

थोडक्यात, मालिका कशाबद्दल आहे?

राफाएल बॉब-वॅक्सबर्ग यांची ही मालिका नेटफ्लिक्सवर २२ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली आणि ३१ जानेवारी २०२० ला संपली. सहा सीझन. पात्रांचं रूप लिसा हॅनावॉल्ट यांनी घडवलं. माणसं आणि माणसांसारखे वागणारे प्राणी एकत्र राहतात अशा हॉलिवूडमध्ये बोजॅक हा एक घोडा आहे. नव्वदच्या दशकात एका कौटुंबिक विनोदी मालिकेचा तो नायक होता. आता पन्नाशीत आहे, पैसा आहे, डोंगरावर घर आहे, आणि दारूशिवाय दिवस जात नाही. भोवती चार जण: त्याचं आत्मचरित्र लिहायला आलेली डायान, एजंट प्रिन्सेस कॅरोलिन, कोचावर मुक्काम ठोकलेला टॉड आणि सदैव आनंदी मिस्टर पीनटबटर.

इतकं वाईट बालपण गेलेल्या बोजॅकला वेगळं वागणं शक्य तरी होतं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि मालिका तो सोपा करून देत नाही. चौथ्या सीझनमध्ये ती दोन पिढ्या मागे जाते. बोजॅकची आजी हनी हिचा मुलगा दुसऱ्या महायुद्धात मारला जातो, ती दुःखाने कोसळते, आणि नवरा तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवून तिला ‘शांत’ करतो. हे सगळं लहानपणी पाहिलेली मुलगी म्हणजे बोजॅकची आई बिॲट्रिस. तिने शिकलेला धडा एकच, की कुणावर फार जीव लावायचा नाही. पुढे ती तो धडा मुलाला दररोज, शब्दाशब्दाने देते. बाप बटरस्कॉच दारुडा आणि कडवट. साखळी एवढी घट्ट दाखवली आहे, की कुठली कडी सोडवायची हेच कळत नाही.

तत्त्वज्ञानात या बाजूचा युक्तिवाद गेलन स्ट्रॉसन यांनी १९९४ मध्ये नेमका मांडला. तुम्ही जसे आहात त्यामुळे तुम्ही तसं वागता. वागण्याची अंतिम जबाबदारी तुमची असायची, तर तुम्ही जसे आहात त्याचीही जबाबदारी तुमची असायला हवी. पण स्वतःला मुळापासून घडवायचं म्हटलं, तर घडवणारा ‘स्वतः’ आधीच कुणीतरी घडवलेला असतो. म्हणून अंतिम जबाबदारी कुणाचीच नाही. या युक्तिवादाला मला आजवर पूर्ण उत्तर सापडलेलं नाही.

गंमत वाटावी असा योगायोग म्हणजे याच्या विरुद्ध टोकाचं सर्वांत प्रसिद्ध उत्तर गेलन यांचे वडील पीटर स्ट्रॉसन यांनी १९६२ मध्येच दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं: राग, कृतज्ञता, दुखावलं जाणं, माफ करणं हा माणसामाणसांतल्या नात्याचा ताणाबाणा आहे. विश्व कार्यकारणाने बांधलेलं आहे असं उद्या सिद्ध झालं, म्हणून कुणी हे सोडून देणार नाही. एखाद्याला ‘तो बिचारा परिस्थितीचा बळी’ एवढंच समजायला लागलो, तर आपण त्याला माणूस म्हणून वागवणं थांबवतो, सांभाळायची वस्तू म्हणून वागवू लागतो.

मालिकेचं स्वतःचं उत्तर मात्र एका प्रसंगात आहे, युक्तिवादात नाही. बिॲट्रिसला स्मृतिभ्रंश झाला आहे. बोजॅक तिला एका कळकट वृद्धाश्रमात टाकून निघाला आहे. तेवढ्यात, बऱ्याच काळाने, ती त्याला ओळखते. आयुष्यभर साठवलेलं सगळं तोंडावर फेकायची हीच वेळ, आणि ते फेकायचं त्याने मनाशी ठरवलेलंही होतं. ती घाबरून विचारते, मी कुठे आहे? आणि तो तिला सांगू लागतो, की ती मिशिगनच्या तळ्याकाठच्या घरी आहे, उन्हाळ्याची रात्र आहे, सगळं कुटुंब जवळ आहे. आइस्क्रीमची चव लागतेय का, असंही विचारतो. दोन पिढ्यांची सगळी कारणं क्रौर्याकडे बोट दाखवत होती. तो दुसरीकडे गेला.

याला ‘इच्छास्वातंत्र्याचा पुरावा’ म्हणता येणार नाही, कारण त्या दयाळूपणालाही काही कारण असणारच. पण ‘मी असाच घडलो, माझ्या हातात काही नव्हतं’ हे वाक्य त्या रात्रीनंतर बोजॅकला म्हणता येत नाही.

आयुष्य रुळावर येत असतानाच तो ते उधळून का लावतो?

मराठीत याला तयार वाक्य आहे: कळतं पण वळत नाही. दारू सोडायला हवी हे त्याला कळतं. माणसं दुखावतो हेही कळतं. वळत नाही.

फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये या ‘न वळण्याचे’ प्रकार वेगळे केले. इच्छांचे दोन थर असतात. एक, दारू हवी. दुसरा, ही दारू हवीशी वाटणं मला नको. दुसऱ्या थरावर झुंजणारा व्यसनी आणि झुंजच सोडून दिलेला व्यसनी, दोघे सारखीच दारू पितात, पण दोघे सारखे नसतात. बोजॅक या दोन माणसांमध्ये ये-जा करत राहतो. कधी एकाच भागात.

पण त्याचा आत्मनाश नुसता दुबळेपणा नसतो. पहिल्या सीझनमध्ये टॉड एक रॉक ऑपेरा रचतो. ती यशस्वी झाली तर टॉड कोच सोडून जाईल, या भीतीने बोजॅक त्याला पुन्हा व्हिडिओ गेमच्या नादी लावायचा बेत आखतो. माणसं जमवून, पद्धतशीर. इथे न वळण्याचा प्रश्नच नाही, वळवण्याची योजना आहे. त्याच्या आत्मनाशाची झळ नेहमी शेजारच्यालाच आधी लागते. म्हणून ‘तो फक्त स्वतःचं नुकसान करतो’ हे मला मान्य नाही.

नशेत किंवा मानसिक गोंधळात केलेल्या कृत्याला तो जबाबदार कसा?

ॲरिस्टॉटलने जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी या प्रश्नावर एक कायदा नोंदवून ठेवला आहे: नशेत गुन्हा केला तर दुप्पट दंड. त्यामागचा विचार असा, की त्या क्षणी भान नव्हतं हे खरं, पण भान न ठेवण्याचा क्षण त्याआधीचा होता आणि तो तुमच्या हातात होता.

पाचव्या सीझनमध्ये बोजॅक वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेला आहे. चित्रीकरणात तो सहअभिनेत्री जीनाचा गळा खरोखर आवळतो. त्या क्षणी खरं काय आणि भूमिका काय, हे त्याला कळत नसतं. तरी गोळ्या वाढत गेल्या त्याला महिने लागले होते, आणि प्रत्येक दिवशी तो शुद्धीवर होता.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला सगळं जाहीर कबूल करायचं असतं, म्हणजे मन हलकं होईल. जीना नकार देते. ‘बोजॅकने गळा आवळला ती नटी’ ही तिला आयुष्यभराची ओळख नको आहे, तिची कारकीर्द आत्ता कुठे उभी राहतेय. त्याच्या कबुलीची किंमत तिला मोजावी लागली असती. कबुली आणि जबाबदारी यांतलं अंतर मी कुठल्याही कथेत इतकं स्वच्छ पाहिलेलं नाही.

सारा लिनच्या मृत्यूला बोजॅकच जबाबदार आहे का? ती सज्ञान होती ना?

होती. तिशीतली, स्वतःचे निर्णय घेणारी. नऊ महिने नशेपासून दूर होती, बोजॅकचा फोन आला आणि ती त्याच्यासोबत नशा करायला लगेच तयार झाली. नशेचं सामान तिच्या हाताशी होतं, भुकेलं मन तिचं होतं. इथपर्यंत कुणी ‘दोघेही जबाबदार’ म्हणालं तर मी भांडणार नाही.

पण मागे जा. बोजॅकच्या जुन्या मालिकेत ती तीन वर्षांची बालकलाकार होती. घरच्यांपेक्षा सेटवर जास्त राहिलेली. तिथे लहानपणीच तिने बोजॅकने लपवलेली दारू चाखली, आणि ठपका दुसऱ्याच बाईवर गेला तेव्हा त्याने तो जाऊ दिला. सारा ज्या मोठ्या माणसाकडे बघत मोठी झाली, त्याचाच फोन नवव्या महिन्यात आला.

आणि मग ती सतरा मिनिटं. तिसऱ्या सीझनमध्ये आपण तारांगणातला प्रसंग पाहतो: ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून आहे, तो तिला हाक मारतो, उत्तर येत नाही. प्रेक्षक म्हणून आपणही त्याच्यासोबत रडतो. तिथे काय लपवलं होतं, हे सहाव्या सीझनमध्ये एका मुलाखतीत बाहेर येतं. मदत बोलावण्याआधी बोजॅक सतरा मिनिटं थांबला होता. आपण तिथे नव्हतो असा देखावा उभा राहावा म्हणून. आणि सारा लिन तेव्हा जिवंत होती.

तीन वर्षं आपण ज्या क्षणाला शोकांतिका म्हणत होतो, तो एक निर्णय होता. या सतरा मिनिटांना बालपण पुरत नाही, व्यसन पुरत नाही, आई पुरत नाही. बचावाचा हिशेब करता येईल एवढं त्याचं डोकं तेव्हा चालत होतं. तोच हिशेब तिच्यासाठी करता आला असता. इच्छास्वातंत्र्याबद्दल या मालिकेला काही सांगायचं असेल, तर ते या सतरा मिनिटांत आहे.

आपल्या ‘जबाबदारी’ शब्दात ‘जबाब’ आहे. उत्तर द्यायला बांधील असणं. पहिली मुलाखत बोजॅक छान देतो, डोळ्यांत पाणी आणून, आणि लोक हळहळतात. कौतुकाची चटक लागून तो दुसरी मागून घेतो. तिथे मात्र त्याच्याकडे कारणं उरतात, जबाब उरत नाही.

पेनीच्या बाबतीत तर प्रत्यक्ष काहीच घडलं नाही, मग एवढं का?

दुसऱ्या सीझनमध्ये बोजॅक न्यू मेक्सिकोत जुनी मैत्रीण शार्लटकडे दोन महिने राहतो. तिची मुलगी पेनी सतरा वर्षांची आहे. ती त्याच्याकडे येते तेव्हा तो नाही म्हणतो. मग शार्लट त्याला झिडकारते. पेनी पुन्हा येते. तो तिला ‘झोपायला जा’ म्हणतो, आत जातो, आणि दार उघडं ठेवतो. शार्लट वेळेवर पोचते.

त्याच्या हातून ‘घडलं नाही’ यात त्याचं श्रेय शून्य आहे. तत्त्वज्ञानात याला नैतिक नशीब म्हणतात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये ही चर्चा सुरू केली. दोन माणसं तीच चूक करतात, एकाच्या वाटेत कुणी येतं, दुसऱ्याच्या येत नाही, आणि आपण दोघांना वेगळं तोलतो. मालिका असं तोलायला नकार देते. पेनी पुढे कित्येक वर्षं त्या रात्रीचं ओझं वाहताना दिसते.

उघडं दार आणि सतरा मिनिटं, दोन्ही ठिकाणी बोजॅकने काहीच ‘केलं’ नाही. काही न करणं हीच त्याची निवड करण्याची पद्धत आहे, म्हणजे नंतर ‘माझ्याकडून झालं’ असं म्हणता येतं, ‘मी केलं’ म्हणावं लागत नाही.

पण तो स्वतःचा इतका द्वेष करतो. ती शिक्षाच नाही का?

नाही. आणि या मुद्द्यावर मला मालिका सर्वांत धाडसी वाटते.

चौथ्या सीझनमधल्या एका भागात आपल्याला त्याच्या डोक्यातला आवाज अखंड ऐकू येतो. वेड्यावाकड्या हातरेषांतलं चित्र आणि शिव्याच शिव्या, स्वतःला. ज्यांना नैराश्य माहीत आहे त्यांना तो भाग पाहवत नाही इतका खरा आहे. शेवटी हॉलीहॉक, जी पुढे त्याची सावत्र बहीण निघते, विचारते: हा आवाज वय वाढल्यावर जातो ना? तो ‘हो’ म्हणतो. प्रेमाने सांगितलेलं खोटं.

पण तो आवाज त्याला काम काय लावतो? दारूकडे नेतो. ‘मी मुळातच सडका आहे’ हे वाक्य पश्चात्तापासारखं ऐकू येतं, पण त्याचा दुसरा अर्धा भाग असा असतो: ‘म्हणून उद्याही माझ्याकडून वेगळं काही मागू नका.’ मुळातच सडक्या माणसाला रोज सकाळी उठून सुधारायची कटकट नसते. स्वतःचा द्वेष हीसुद्धा एक सबबच, फक्त ती काळे कपडे घालून येते.

टॉड म्हणतो ‘सगळा दोष तुझाच’, डायान म्हणते ‘वाईट माणसं नसतातच’. खरं कोण?

दोघंही, आणि क्रमाने.

तिसऱ्या सीझनमध्ये टॉडचा बांध फुटतो. दारू नाही, ड्रग्ज नाहीत, करिअर नाही, बालपणही नाही. जे काही बिघडलंय ते म्हणजे तू, असं तो सुनावतो. सौम्य टॉडच्या तोंडून ते ऐकणं भयंकर आहे. पण एवढ्यावर थांबलं की बोजॅक ते ‘मी सडका आहे’ मध्ये ढकलून देतो.

पाचव्या सीझनच्या शेवटी डायान त्याला दुसरं अर्धं सांगते. चांगली माणसं, वाईट माणसं असं काही नसतं. आपण सगळे कधी चांगलं वागतो, कधी वाईट, आणि वाईट कमी, चांगलं जास्त करत राहणं एवढंच हातात असतं. हे ऐकून बरेच प्रेक्षक सुखावतात. पण ती लगेच त्याला गाडीत घालून व्यसनमुक्ती केंद्राच्या दाराशी सोडते. पहिल्या सीझनच्या अखेरीलाही तिने हेच म्हटलं होतं, की ‘आतून कसा आहे’ यावर तिचा विश्वास नाही, माणूस म्हणजे त्याने केलेल्या गोष्टी. ‘मी आतून चांगला आहे ना?’ हा प्रश्नच ती रद्द करते. बोजॅकला आयुष्यभर त्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

हर्बने त्याला माफ करायला हवं होतं का?

हर्ब हा बोजॅकच्या जुन्या मालिकेचा निर्माता. तो समलिंगी आहे हे कळल्यावर त्याला मालिकेतून काढलं गेलं आणि मित्र बोजॅक गप्प राहिला. वीस वर्षांनी, कॅन्सरने आजारी हर्बकडे तो माफी मागायला जातो. हर्ब ऐकून घेतो आणि म्हणतो, मी तुला माफ करणार नाही, तुला हे घेऊनच जगावं लागेल. माझ्या मते तो पूर्ण बरोबर होता. माफी मागणं बोजॅकच्या हातात होतं, मिळणं नव्हतं.

हे सगळं ॲनिमेशनमध्येच का?

कार्टूनमध्ये काहीही फुटलं तरी पुढच्या भागात सगळं जागच्या जागी असतं, ही आपली लहानपणापासूनची सवय. ही मालिका त्याच सवयीचा उपयोग करते. पहिल्या सीझनमध्ये नशेतला बोजॅक टेकडीवरच्या ‘हॉलिवूड’ पाटीतलं शेवटचं ‘डी’ अक्षर चोरतो. ते परत लागत नाही. त्यानंतर सगळं जग शहराला ‘हॉलिवू’ म्हणतं, बातम्यांपासून पत्त्यांपर्यंत, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. शेवटच्या सीझनमध्ये नवं अक्षर येतं तेही चुकीचं.

आणि घोडा का? घोड्याच्या चेहऱ्यावर आपण आपल्या ओळखीतल्या कुणाचाही चेहरा चढवू शकतो. कधी स्वतःचाही.

अशा माणसाला नायक करून मालिका त्याला सूटच देत नाही का?

हा आरोप मालिकेने स्वतःवर आधीच केला आहे. पाचव्या सीझनमध्ये बोजॅक ‘फिल्बर्ट’ नावाच्या मालिकेत एका वाईट वागणाऱ्या पोलिसाचं काम करतो, डायान ती लिहायला मदत करते. पहिल्या खेळाच्या रात्री तो खुशीत सांगतो, की हे पाहून कळलं, सगळेच थोडे वाईट असतात, म्हणजे आपण ठीक आहोत. डायान हादरते. लोकांनी पाहून बरं वाटून घ्यावं म्हणून तिने ते लिहिलं नव्हतं. आपल्यापैकी अनेकांनी बोजॅकला पाहून हेच केलेलं असतं, मीही. त्या भागानंतर ते तितकं सहज जमत नाही.

शेवटी त्याला मिळालेली शिक्षा पुरेशी आहे का?

सगळं उघड झाल्यावर, हॉलीहॉकनेही नातं तोडल्यावर, बोजॅक पुन्हा पितो, आता दुसऱ्याच्या झालेल्या आपल्या जुन्या घरात शिरतो आणि मरता मरता वाचतो. त्याला चौदा महिन्यांचा तुरुंगवास होतो, तोही घरात बेकायदा शिरल्याबद्दल. सारा लिनसाठी नाही, पेनीसाठी नाही, जीनासाठी नाही. तो स्वतःच म्हणतो की ती शिक्षा बहुधा सगळ्याचीच होती. मला ते पटत नाही, आणि पटू नये असंच लिहिलं आहे. कायद्याचं खातं आणि माणसांचं खातं एका वहीत मांडता येत नाही.

शेवटच्या भागात तो तुरुंगातून सुट्टीवर प्रिन्सेस कॅरोलिनच्या लग्नाला येतो. छपरावर डायान त्याला सांगते, की त्या रात्री त्याने तिला फोनवर निरोप ठेवला होता आणि तो जिवंत आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. ती रागावलेली आहे. आपल्या जिवाचं ओझं त्याने दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं होतं. तरी ती तिथे बसलेली आहे. मग दोघे बराच वेळ काही बोलत नाहीत.

मी स्वतः नैराश्यात आहे. पाहू का?

सरसकट ‘हो’ मी म्हणणार नाही. काहींना आपल्या मनातलं पडद्यावर दिसल्याने एकटेपणा कमी वाटतो, काहींना ते झेपत नाही, आणि दोन्ही अनुभव खरे आहेत. जीव संपवण्याचे विचार सध्या येत असतील तर आधी एखाद्या जवळच्या माणसाशी, डॉक्टरांशी किंवा मदतवाहिनीशी बोला, आजच. मालिका कुठे जात नाही. पाहायचं ठरवलंत तर शेवटून दुसरा भाग रात्री एकट्याने पाहू नका, आणि तो पाहिलात तर तिथे थांबू नका. पुढचा लगेच लावा.

सुरुवातीचे भाग साधेच विनोदी वाटले. सोडून दिली तर चालेल?

पहिल्या सीझनच्या मध्यापर्यंत तसं वाटतं खरं. आठवा भाग, हर्बचा, पाहून मग ठरवा.